ठेवणीतला खोकला

आमच्या जावयाचे कान देवानं सवडीनं बनवलेले. दाराची बिजागरी कुरकुरली की ह्याच्या दाढा शिवशिवतात. पहिल्यांदा आमच्या घरी आला, चहाचा कप पुढे ठेवला, तर म्हणतो, "चहा नंतर घेतो. घरात पाना आहे का? तुमच्या पंख्याला दमा झालाय." टेबलावर चढला, पंखा उतरवला, आणि आम्ही सगळे घामाघूम होऊन खाली बसलो. परत चढवला तेव्हा तो पंखा इतका गुपचूप फिरायला लागला की दुसऱ्या दिवशी एक चिमणी त्याच्या पात्यावर निवांत बसली आणि आपण फिरतोय हे तिला कळलंच नाही. उडाली ती थेट कपाटावर आपटली. लेक म्हणते, "बाबा, ती चिमणी तुम्ही घातलीत." घातली असेल. पंखा मात्र खरा.

जावई विणकामाच्या यंत्रांचा मेकॅनिक. जिथे तो कामाला होता ती गिरणी बंद पडली, आणि नवीन यंत्रं अशी आली की ती बिघडली की स्वतःच पडद्यावर सांगतात, मला अमुक झालंय. त्याच्यासारख्या नाडी बघणाऱ्या वैद्याला तिथे कोण विचारणार? मग लेकीनं ठरवलं, बाहेरच्या देशात बघू. रोज सकाळी नाश्त्याच्या बशा सरकवून ती लॅपटॉप उघडायची आणि तो शेजारी बसून अर्ज करायचा. उत्तरं यायची, अगदी गोड. तुमचा अनुभव फार आवडला. आमच्याकडे काम करायचा परवाना आहे का? परवान्याच्या कचेरीला विचारावं, तर त्यांचा उलट सवाल, नोकरी कुठे आहे? वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातली गत. एका कंपनीनं तर लागोपाठ मुलाखती घेतल्या, शेवटच्या मुलाखतीत साहेबांचा अडकलेला प्रिंटर ह्याच्याकडून फोनवर दुरुस्त करून घेतला, आणि मग साहेब जे गडप झाले ते झालेच.

असं चाललेलं असताना मोजे विणणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाचा फोन आला. समोरासमोर बोलायचा फोन, पण मालकाला तो धरता येत नव्हता. आम्हाला सगळा वेळ कारखान्याचं छत दिसत होतं. मालक बोलतोय आणि मागे काहीतरी सारखं खळ्ळ-खुक, खळ्ळ-खुक.

"मालक," जावई म्हणाला, "मागे कोण खोकतंय? आधी त्यांना पाणी द्या."

"ती मशीन आहे हो."

"मग पाणी देऊ नका. फोन जरा तिच्या जवळ न्या."

त्यानं डोळे मिटले. आम्ही श्वास धरला. खळ्ळ-खुक, खळ्ळ-खुक. "घसा नाही, छाती आहे," तो म्हणाला. "आतली कुठलीतरी चकती झिजलीय. बघितल्याशिवाय जास्त सांगत नाही."

मालक इतका खूश झाला की पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसला, तोही अर्धा. ती मशीन त्याच्या आजोबांनी घेतलेली. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. तिकडचे मेकॅनिक येत, झाकण उघडत, आत डोकावत आणि झाकण लावून घरी जात. मालकानं जावयाला पत्र दिलं, कचेरीनं व्हिसा दिला. म्हणजे खरं पाहता व्हिसा त्या खोकल्यानं दिला.

आता हा व्हिसा काय प्रकार असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. व्हिसा म्हणजे दावं. लांबी ठरलेली आणि खुंटाही ठरलेला. खुंटा म्हणजे मालक. त्याच्याकडे, तेच काम करायचं. दुसरीकडे तोंड घालायचं नाही. काम संपलं की बोचकं बांधायचं. मुदत वाढवायची तर मालकानं कचेरीला सांगायचं की मला हा माणूस अजून लागतो. असं एका खुंट्याला पुरेशी वर्षं चरलं की कायमचं राहायची परवानगी मिळते, आणि दावं सुटतं. बायको-पोर त्याच दाव्याला मागे बांधलेली. मी मागाहून पाहुणा म्हणून गेलो, आणि पाहुण्याच्या व्हिसाला जेवढं ताणता येतं तेवढं ताणून राहिलो.

त्यांची जागा एका लाँड्रीच्या वर होती. खालच्या वाफेनं जमीन इतकी गरम व्हायची की नात चपला न घालता नाचत नाचतच चालायची, आणि मी तिला अंडं फोडून दाखवलं असतं, पण लेकीनं अंडी लपवून ठेवली. एक खिडकी होती. ती उघडली की समोर भिंत, हात लांब केला की टेकेल एवढ्यावर. नातीनं त्या भिंतीवर खडूनं सूर्य काढला होता. घरात एक नळ गळत होता. जावयानं बॅगा उघडायच्या आधी तो दुरुस्त केला, असं लेकीनं मला कौतुकानं सांगितलं. आणि त्याच भिंतीपलीकडे नातीची शाळा होती. शाळा तिला भलती आवडली. इतकी, की रविवारी रुसून बसायची.

कारखान्यातल्या मशीनला सगळे म्हातारी म्हणत. लांबीला बसएवढी. एका टोकाला सूत खायची, पोटात काय काय करायची, आणि दुसऱ्या टोकाला पंजा शिवलेला तयार मोजा टाकायची. पण खोकल्याची उबळ आली की मोजा दोन्हीकडून शिवायची. आत जायला वाट नाही, बाहेर यायलाही नाही. एकदा मालकाच्या पुतण्याचा टाय आत ओढला गेला. पुतण्या वाचला, टाय मात्र एका लहान बाळाच्या मोज्यात सीलबंद होऊन बाहेर पडला. तो मोजा अजून कारखान्यात भिंतीवर लावलाय. विचारा कुणालाही.

जावयानं म्हातारीला हातात घेतलं. आज एक दात बदल, उद्या एक पट्टा. मिळत नसलेले भाग स्वतः कानशीनं घासून बनवले. छातीतली ती झिजलेली पितळी चकती काढली, तिच्या जागी नवी घडवून बसवली, आणि जुनी चकती आठवण म्हणून एका मोज्यात घालून घरी कपाटात ठेवली. दोन्हीकडून बंद मोजे कमी कमी होत गेले. आणि एका सकाळी म्हातारी अशी चालली की मालक धावत खाली आला. त्याला वाटलं वीज गेली. मोजे धबाधबा पडत होते आणि आवाज म्हणाल तर मांजर दूध पितं तेवढा.

मालकानं त्याला मिठी मारली. पुतण्यानं टाळ्या वाजवल्या. जावई त्या दिवशी घरी आला तो गुणगुणत, आणि आमचा जावई गुणगुणतो म्हणजे काय ते लेकीलाच ठाऊक.

मग मुदत वाढवायची वेळ आली.

मालक माणूस सज्जन. हीच तर अडचण. लबाड असता तर काम सोपं होतं. त्यानं जावयाला समोर बसवलं आणि म्हणाला, "मेकॅनिक, मी कचेरीला लिहायला बसलो होतो. ते विचारतात, या माणसाची अजून गरज काय? मला सुचेना. म्हातारी तर ठणठणीत आहे. बटण काय, पुतण्याही दाबेल."

"पण मालक, पुढे कधी बिघडली तर?"

"तुम्ही इतकं नीट केलंय की आता कशाला बिघडेल?" तो कौतुकानंच म्हणाला. "मी खोटं नाही लिहिणार. अजून थोडे दिवस आहेत. बघू."

जावई घरी आला आणि ताटावर बसून भाताला नुसता चमचा लावत राहिला. लेकीनं सगळं काढून घेतलं त्याच्याकडून. मग तिनं खिडकी उघडली आणि त्या खडूच्या सूर्याकडे बघत उभी राहिली.

"दुसरीकडे नोकरी?" मी विचारलं.

"दुसरीकडे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, बाबा. पुन्हा कुणाची तरी मशीन खोकायला हवी. आणि वर्षं पुन्हा शून्यापासून मोजायची."

तेव्हा मी म्हणालो. मला म्हणायचं नव्हतं असं नाही. मला ते मालकाची गोष्ट ऐकतानाच सुचलं होतं. "जावईबापू, चांगल्या साड्या कशा ठेवणीत असतात, तसा एखादा खोकला ठेवणीत नाही का तुमच्याकडे?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याच्या आईबद्दल काही बोललो. "बाबा, मी दुरुस्तीवाला आहे."

"बिघडवा कुठे म्हणतोय? थोडं सर्दी-पडसं."

"चालत्या यंत्रात मी मुद्दाम घाण घालू? हे हात उद्या—"

"हातांचं बघू नंतर," लेक खिडकीतूनच म्हणाली, मागे न वळता. "तिची शाळा भिंतीपलीकडे आहे. फक्त एवढं बघा."

नात तेवढ्यात जमिनीवर नाचत आली आणि विचारू लागली की घरात सगळे भांडत का नाहीत, गप्प का आहेत.

दुसऱ्या दिवशी जावई कामाला लवकर गेला. जाताना कपाटातला तो मोजा खिशात घातला. नवी चकती काढून त्यानं जुनी झिजलेली परत बसवली, आणि दुपारपर्यंत म्हातारी खोकायला लागली. खळ्ळ-खुक. दोन्हीकडून बंद मोजे परत पडू लागले. मालकाचा चेहरा उतरला, पुतण्यानं टाय काढून खिशात टाकला, आणि संध्याकाळच्या आत कचेरीला पत्र गेलं की आमच्या मेकॅनिकशिवाय आमचं काही चालत नाही.

मी म्हणालो, "बघा! आता काढून टाका ती."

"कचेरीकडून कुणी बघायला येणार आहे म्हणतात," तो म्हणाला. "तोवर राहू दे."

कचेरी म्हणजे कचेरी. ती काही उबळ आल्यावर धावत येत नाही. आज येतील, उद्या येतील, असं करत बरेच दिवस गेले. जावई रोज म्हातारीजवळ उभा राहून तो खोकला ऐकायचा, स्वतः दिलेला. तिला जरा बरं वाटावं म्हणून तेल घालायचा आणि फार बरं वाटू नये म्हणून हात आखडायचा. बरीही होऊ द्यायची नाही आणि मरूही द्यायची नाही. मेली तर कारखाना बंद, कारखाना बंद म्हणजे खुंटा गेला, आणि खुंटा गेला की दाव्याला कोण विचारतो? घरी यायचा तर हात साबणानं धुतच राहायचा. गुणगुणणं बंद. रात्री जेवताना कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी भलभलत्या थापा मारायचो, तर लेकसुद्धा "बाबा, चिमणी" म्हणायची नाही.

अखेर तपासनीस बाई आल्या. मी त्या दिवशी तिथेच होतो. जावई डबा विसरला होता, तो द्यायला गेलो आणि सुताच्या गठ्ठ्यावर बूड टेकून बसलो. बाई नेटक्या, बुटांचा आवाजही न करणाऱ्या. त्यांनी म्हातारीला एक फेरी मारली. म्हातारी प्रसंग ओळखून झकास खोकत होती. भिंतीवरचा टायवाला मोजा बघून बाईंनी भुवया उंचावल्या. मालकानं हात जोडल्यासारखं करून सांगितलं, "बघा, ही अशी आहे. ह्यांच्याशिवाय कुणाला हात लावता येत नाही."

"दुरुस्त करून दाखवता?" बाई जावयाला म्हणाल्या.

आता त्यानं काय करायला हवं होतं? झाकण उघडायचं, मान हलवायची, चार पाने बदलायचे, कपाळाचा घाम पुसायचा, तासभर म्हातारीच्या पोटात डोकं घालून बसायचं. आम्ही घरी तालीम केली होती. नात मशीन झाली होती, मी बाई झालो होतो. पण इतके दिवस तो खोकला ऐकून ऐकून त्याच्या दाढांची काय दशा झाली असेल! अधिकारानं कुणीतरी "दुरुस्त करा" म्हणालं, आणि त्याचे हात त्याला न विचारता सुटले. झाकण उघडलं, जुनी निघाली, खिशातली नवी बसली, झाकण बंद. मी डब्याचं झाकण लावेपर्यंत त्याचं काम आटोपलं होतं. म्हातारी दूध पिणाऱ्या मांजरासारखी चालू लागली. त्याच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगतो, गिरणी बंद पडल्यापासून न दिसलेलं सुख होतं.

आणि मग त्याला कळलं आपण काय केलं.

मालक टाळी वाजवून म्हणाला, "बघितलंत? जादू!"

"बघितलं," बाई म्हणाल्या. "झालं का सगळं?"

"हो... म्हणजे तसं..." जावई.

"मग आता याला रोज माणूस कशाला हवा? बिघाड एवढा छोटा होता."

मालकानं टाळीचे हात मागे घेतले. सज्जन माणसाला अशा वेळी काही सुचत नाही. पुतण्या तेवढ्यात उत्साहानं पुढे आला आणि म्हणाला, "बटण तर मीसुद्धा दाबतो!" त्याला गप्प करायला मला डबा फेकून मारावासा वाटला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. जावई त्या टोपणाकडे बघत होता. मला दिसत होती ती खिडकीसमोरची भिंत, तिच्यावरचा खडूचा सूर्य आणि पलीकडची शाळा.

खळ्ळ-खुक.

बाईंचं पेन थांबलं.

खळ्ळ-खुक. खळ्ळ-खुक. आणि म्हातारीच्या तोंडातून एक मोजा पडला, दोन्हीकडून बंद. त्याच्यामागे आणखी एक. मग ती अशी उबळीवर उबळ देऊ लागली की छतावरची धूळ बाईंच्या खांद्यावर पडली. पुतण्यानं वीरश्रीनं जाऊन बटण दाबलं, तर ती आणखी खवळली. शेवटी जावयानंच पोटावर हात ठेवल्यासारखा कुठेतरी हात ठेवला, एक स्क्रू थोडा फिरवला, आणि ती कण्हत कण्हत थांबली.

बाईंनी खांदा झटकला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मालकाला म्हणाल्या, "ह्यांना सोडू नका." मालक म्हणाला, "आता कुठला सोडतोय!" पुतण्या हसला, मी हसलो, मी तर गठ्ठ्यावरून घसरून हसलो. काय बेमालूम खोकला काढला पठ्ठ्यानं! मला वाटलं, हात सुटल्याचं नाटक करून ह्यानं वर आणखी एक उबळ ठेवली होती. गुरूची विद्या गुरूला.

फक्त जावई हसत नव्हता. तो खिशावर हात ठेवून उभा होता.

घरी आल्यावर लेकीनं त्याला मिठी मारली, नातीला उचललं, मला चहा केला. मुदत वाढणार होती. एवढी मुदत पुरी झाली की कायमच्या परवानगीचा अर्ज करता येणार होता. "कसं जमवलंत हो ते शेवटचं?" ती त्याला विचारत होती.

त्यानं खिशातून जुनी चकती काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही तर खिशात होती," तो म्हणाला.

चहा पिता पिता मला कळायला वेळ लागला. माझी कवटीही शेवटी म्हातारीच झालेली. "मग खोकली कशी?"

"खरी खोकली, बाबा. इतके दिवस ही आत झिजत बसली. हिच्याबरोबर आतला दांडासुद्धा झिजला. मी ऐकत होतो रोज. दोन खोकले होते, एक मी घातलेला आणि एक तिचा. मला एकच ऐकायचा होता." त्यानं चकती उलटी केली. "तो दांडा बनवता येत नाही. तो धातू आता मिळत नाही. बदलायचा तर मशीनच बदलायची."

"मग किती दिवस काढेल?" लेकीनं विचारलं.

"मी शेजारी उभा राहिलो तर काढेल. हात काढला तर नाही."

दुसऱ्या दिवसापासून मालकानं म्हातारीजवळ त्याच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, गादीचं, प्रेमानं. माझ्या धाकट्या लेकाचं लग्न ठरलं होतं. जावयानं सुट्टी मागितली, तर मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मेकॅनिक, तुम्ही गेलात आणि मागे ती गेली, तर मी कचेरीला काय सांगू? आणि तुम्ही तरी काय सांगाल?" हेही अगदी खरं होतं. मग त्यानं लग्नासाठी घरच्या सगळ्यांना मोजे पाठवले. त्यातले निम्मे दोन्हीकडून बंद.

माझा पाहुण्याचा व्हिसा ताणून ताणून तुटायला आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाशी बसलो होतो. जावई कामावरून आला होता. डोकं एका बाजूला कललेलं, अजून म्हातारीच्या छातीशी लावल्यासारखं. कोपऱ्यातला तो दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळायला लागला होता. टप्प. टप्प. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या दाढा शिवशिवत होत्या, गालावरून दिसत होतं. पान्यांची पिशवी हाताशी होती.

"अहो," लेक म्हणाली, "नळ."

"असू दे," तो म्हणाला. "गळतोय म्हणजे चालू आहे."

नातीनं भिंतीपलीकडच्या शाळेत आज काय झालं ते सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता. मग उठला, मालकानं पाठवलेल्या मोज्यांतला एक काढला, कुठूनच पाय न जाणारा, त्याची घडी केली आणि नळाखाली ठेवली, थेंबाचा आवाज येऊ नये म्हणून. परत येऊन बसला. "हं, मग बाई काय म्हणाल्या?" त्यानं तिला विचारलं.